नाना शंकरशेठ : आगगाडी आणि नाटकगृह

कॅम्प ४ मधील आपले पुष्कळ बंधुभगिनी दररोज पहाटे विठ्ठलवाडी स्थानकावरून मुंबईस जातात. या लोहमार्गाच्या आरंभाशी आपल्या शेजारच्या मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातील एका पुरुषाचे नाव जोडलेले आहे. ते म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ ऊर्फ नाना (१८०३-१८६५).

शिक्षणाचे पुरस्कर्ते, बॉम्बे असोसिएशनचे संस्थापक आणि १८६२ पासून मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून नाना सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या इतर उद्योगांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. म्हणून आम्ही आज त्यांविषयीच लिहीत आहोत.

१८२२ साली वडील निवर्तले आणि ऐन तारुण्यात पेढीचा भार नानांवर आला. पुढे आगबोटींच्या कंपनीत त्यांनी लक्ष घातले. १८४५ च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह ते रेल्वेच्या खटपटीस लागले.

याच सुमारास त्यांनी एक निराळेच काम हाती घेतले. किल्ल्यातील इंग्रजांचे जुने नाटकगृह कर्जापायी १८३५ मध्ये विकले गेले होते. नव्या नाटकगृहासाठी नानांनी ग्रँट रोडवरील आपली जागा दिली व १८४६ मध्ये ते सुरू झाले. प्रारंभी तेथे इंग्रजी खेळ होत. परंतु किल्ल्यातील साहेबमंडळींस ते अंतर दूर वाटे आणि प्रेक्षक रोडावले. निव्वळ व्यापारी दृष्टीने पाहता हा आतबट्ट्याचाच व्यवहार ठरला असता. तथापि, साहेबांनी रिकाम्या केलेल्या त्या रंगमंचावर १८५३ च्या मार्चमध्ये सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मराठी नाटक केले. त्याच वर्षी पारशी मंडळीही तेथे उभी राहिली. नाटक्यांना प्रतिष्ठित घरांत मान नसण्याचा तो काळ होता. अशा वेळी नगरातील अग्रगण्य गृहस्थाने त्यांच्या पाठीशी उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे. (धर्मग्रामाच्या सभागृहातील नाटकांना नाके मुरडणारे आजही आम्हांस भेटतात!)

पुढल्याच महिन्यात, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली व १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने खोपोलीकडे गेली. तेव्हा उल्हासनगर अस्तित्वातच नव्हते; लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांची ही वसाहत १९४९ साली नावारूपास आली. नानांच्या मुरबाडला मात्र आगगाडीची वाट फार काळ पाहावी लागली.