कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७ – २००१) या कर्करोगावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेल्या भारतीय पेशीशास्त्रज्ञ होत. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. जन्म पुण्याचा, शालेय शिक्षण हुजूरपागेत. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी त्यांची इच्छा होती. यांपैकी काहीच घडले नाही. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला आणि १९४३ मध्ये त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर एम.एस्सी. पदवी मिळवली.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र त्या शिकल्या व परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांच्या काही वाणांतच स्तनाचा कर्करोग वारंवार का आढळतो, हा त्यांच्या कामातील कळीचा प्रश्न होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलांत जाणारा विषाणू या तिन्हींचा विचार त्यांनी एकत्रितपणे केला. विषाणू नेमके काय करतो, हे मात्र १९८२ मध्ये रोएल नुसे व हॅरल्ड व्हार्मस यांनी दाखवले. तो शोध रणदिवे यांचा नव्हे, पण प्रश्न त्याच वाटेवरचा होता. विषाणू स्वतःचा डीएनए उंदराच्या गुणसूत्रात एका जनुकाशेजारी घुसवतो आणि एरवी स्तनाच्या पेशींत निद्रिस्त असलेले ते जनुक जागे होते. त्याला आज डब्ल्यूएनटी-१ म्हणतात. मानवात ते बाराव्या गुणसूत्रावर असते. त्याचे प्रथिन पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटते. तो निरोप पोहोचला की आतील बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचे विघटन थांबते. ते साठून केंद्रकात शिरते व वाढीची जनुके कार्यान्वित करते. गर्भाच्या घडणीत हा निरोप आवश्यक असतो. अवेळी व अखंड मिळत राहिला, तर अर्बुद निर्माण होऊ शकते. उंदरांतील हा विषाणू मानवी स्तनकर्करोगाचे कारण असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही.

कुष्ठरोगाच्या जीवाणूंवरही त्यांनी महत्त्वाचे काम केले. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. संघटनेने वाशी येथे वसतिगृह व पाळणाघर चालवले, ही बाब चरित्रांत ओझरतीच येते. वस्तुतः प्रयोगशाळेतील स्त्रीची खरी अडचण तीच होती. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यासही त्यांनी केला.