मोनेची बाग आणि पिकू घातलेला मोतीबिंदू

घरातल्या वडीलधाऱ्यांना मोतीबिंदू आहे असं कळलं, की दोन सूचना लगेच निघतात. एक, आता फार हिंडूफिरू नका, पडाल. दुसरी, मोतीबिंदू पिकू द्या, मग ऑपरेशनचं बघू. दोन्ही काळजीपोटी येतात आणि दोन्ही नुकसान करतात. फ्रान्सचा थोर चित्रकार क्लोद मोने याने यातली पहिली सूचना कधी जुमानली नाही, त्याचा त्याला फायदा झाला. ऑपरेशन लांबवण्याची चूक मात्र त्याने केली आणि तिची किंमत दहा वर्षं मोजली.

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेलं. समुद्रावरचा उजेड क्षणाक्षणाला कसा बदलतो, हे तिथेच त्याच्या डोळ्यांत बसलं असावं. बंद खोलीत बसून चित्रं काढण्याची रीत सोडून तो उघड्यावर, उन्हावाऱ्यात चित्रं रंगवू लागला. ल हाव्रच्या सूर्योदयाचं त्याचं चित्र १८७४ च्या प्रदर्शनात लागलं आणि त्याच्या नावावरून ‘इम्प्रेशनिझम’ ही संज्ञा रूढ झाली. त्याची कला म्हणजे पायांचीही कला होती. कॅनव्हास, रंगपेटी, घोडी असं सगळं घेऊन शेतात, नदीकाठी, समुद्राच्या कड्यावर जायचं आणि तासन् तास उभं राहायचं.

१८८३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो झिव्हर्नी या खेड्यात राहायला गेला. पुढे त्याने ते घर विकत घेतलं, रेल्वेरुळापलीकडची जमीन घेऊन तिथे कमळांचं तळं केलं, त्यावर जपानी धाटणीचा लाकडी पूल बांधला. पैसा आल्यावर माळी ठेवले, तरी कुठलं रोप कुठे लावायचं हे तोच ठरवी. पहाटे उठणं आणि बागेत फेरी मारणं हा त्याचा नेम होता.

साठीच्या पुढे त्याला रंग वेगळे दिसू लागले. १९१२ मध्ये डॉक्टरांनी निदान केलं : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याची पत्नी आलीस वारली होती आणि १९१४ मध्ये थोरला मुलगा झाँ गेला.

डोळ्यातलं भिंग आयुष्यभर काम करून हळूहळू पिवळं, मग तपकिरी पडतं. बाहुलीच्या मागे जणू जुनी पिवळट काच बसते. ती निळा रंग आधी अडवते, त्यामुळे सगळं पिवळं-तांबूस दिसू लागतं. शिवाय एक गोष्ट होते, जिच्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही : कडा पुसट होतात. राखाडी फरशीवरची राखाडी पायरी, ओल्या अंगणातला खड्डा, सांडलेलं पाणी आजूबाजूच्या रंगात मिसळून जातं. समोरून उजेड आला की डोळे दिपतात. तक्त्यावरची अक्षरं वाचता येत असूनही माणूस पायरी चुकतो, तो त्यामुळेच.

मोनेच्या त्या काळातल्या चित्रांत हे दिसतं. त्याच जपानी पुलाची आधीची चित्रं हिरवी-निळी, स्वच्छ आहेत. नंतरच्या चित्रांत लाल-तपकिरी रंगाचे गुंते आहेत आणि पूल शोधावा लागतो.

पण मोने घरात बसला नाही. त्याने दिवसाची आखणी बदलली. भर दुपारचं ऊन टाळून तो सकाळी आणि संध्याकाळच्या बाजूला काम करू लागला. डोळे दिपू नयेत म्हणून रुंद काठाची टोपी घालू लागला. रंग ओळखू येईनात, तेव्हा नळ्यांवरच्या नावांवर आणि पॅलेटवरच्या ठरलेल्या क्रमावर भिस्त ठेवली. फिरायला बाग होतीच. तिचं प्रत्येक वळण त्याच्या पायांना पाठ होतं. सोबतीला ब्लांश होती. ती त्याची सावत्र मुलगी आणि झाँची विधवा, म्हणजे सूनही. ती स्वतः चित्रकार होती. तिने त्याची जागा बसून भरून काढली नाही, त्याच्याबरोबर उभी राहिली.

याच काळात त्याने आयुष्यातलं सर्वांत मोठं काम हाती घेतलं. बागेत नवा प्रशस्त स्टुडिओ बांधला आणि सुमारे २ मीटर उंचीचे कॅनव्हास चाकांच्या घोड्यांवर चढवून कमळांच्या तळ्याची चित्रमालिका सुरू केली. सत्तरी ओलांडलेला, डोळे अधू झालेला माणूस रोज त्यांच्यासमोर मागे-पुढे चालत, हात वर-खाली करत रंगवत होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्याने ही चित्रं देशाला देऊ केली.

ऑपरेशनचं मात्र तो टाळत राहिला. भीती अगदीच निराधार नव्हती. मेरी कॅसॅट या चित्रकर्तीच्या डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियांना यश आलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा जिवलग मित्र जॉर्ज क्लेमांसो, फ्रान्सचा पंतप्रधान झालेला आणि शिक्षणाने डॉक्टर, त्याच्या मागे लागला होता. सप्टेंबर १९२२ मध्ये पॅरिसच्या डॉ. शार्ल कुतेला यांनी तपासलं, तेव्हा उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता आणि डाव्याची नजर एक दशांशावर आली होती. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी थोडे दिवस बरं वाटलं, पण ते टिकलं नाही.

अखेर जानेवारी १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन टप्प्यांत झालं. आजच्यासारखी बारीक छेदाची सोय नव्हती. नंतर डोळ्यांवर पट्टी बांधून, डोकं न हलवता दिवसच्या दिवस पडून राहायचं होतं. आयुष्यभर उभा असलेल्या मोनेला ते असह्य झालं, त्याने पट्टी ओढण्याचाही प्रयत्न केला. भिंगामागचा पडदा धूसर झाल्याने जुलैमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

तेव्हा काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायला कृत्रिम भिंग नव्हतं. ते लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवलं १९४९ मध्ये. मोनेला जाड काचांचा चष्मा मिळाला. त्यातून वस्तू सुमारे पाव हिस्सा मोठ्या आणि जवळ दिसतात, सरळ रेषा वाकड्या भासतात. रंगही कधी फार निळे, कधी फार पिवळे दिसत. तो वैतागला, काही चित्रं फाडली. पण डॉक्टर काचा बदलत राहिले, रंगीत काचा देऊन पाहिल्या, ऑपरेशन न केलेला डावा डोळा झाकला. १९२५ पर्यंत नजर बसली आणि तो पुन्हा आनंदाने, दिवसदिवस काम करू लागला. ५ डिसेंबर १९२६ रोजी, ८६ व्या वर्षी, तो फुप्फुसाच्या आजाराने वारला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात त्याचं कमळांचं तळं लोकांसाठी खुलं झालं.

मोनेला जे भय होतं, त्यातलं बरंचसं आता उरलेलं नाही. आज मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायची गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढायला अवघड जातो. थंडीतच ऑपरेशन करावं हाही जुना समज आहे. रोजची कामं अडू लागली की डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

तोपर्यंत चालणं सोडू नका. दिसत नाही म्हणून आजोबांची सकाळची फेरी बंद होते आणि काही महिन्यांत साखर, रक्तदाब, गुडघे सगळंच बिघडतं. पाय दुबळे झाले की तोल जातो, म्हणजे ज्या पडण्याच्या भीतीने घरात बसवलं, तेच ओढवतं. मोनेसारखी आखणी बदला. रस्ता रोजचा, पायाखालचा निवडा. फिरायची वेळ उजाडल्यानंतरची ठेवा, पहाटेच्या अंधारातली नको. काठाची टोपी आणि उन्हाचा चष्मा वापरा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसेल अशी रंगीत पट्टी मारा, कठड्याला धरून उतरा. वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते, तेव्हा बाहेर पडताना फक्त लांबचा चष्मा लावा. सपाता नकोत, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. घरात खुर्ची-टेबलाची जागा वारंवार बदलू नका.

ऑपरेशननंतर साधं चालणं एक-दोन दिवसांत सुरू करता येतं. वजन उचलणं, पोहणं, डोकं खाली जाणारी आसनं डॉक्टर सांगतील तोवर थांबवा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर नवा चष्मा मिळेपर्यंत पायऱ्यांचा अंदाज चुकू शकतो, सोबत ठेवा. काचबिंदू असेल तर शीर्षासन नकोच, त्याने डोळ्यातला दाब वाढतो. अचानक चमका दिसू लागल्या, डोळा दुखून लाल झाला किंवा नजर एकदम कमी झाली, तर ते मोतीबिंदूवर ढकलू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दहा वर्षं थांबूनही मोनेचं काम पूर्ण झालं, याचं श्रेय त्याच्या न थांबलेल्या पायांना आहे. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना मात्र दहा वर्षं थांबायचं काहीच कारण नाही.