विश्लेषण : बाद ठरलेले ‘६०६’ पुन्हा का तपासले गेले? कोण होते पॉल एर्लिश?

औषध कंपन्यांची स्वयंचलित यंत्रे आज एका दिवसात लाखभर रासायनिक संयुगे तपासू शकतात. तरीही हाती लागतात ती मोजकीच. शिवाय खरे औषध या चाळणीतून निसटले, तर ते कुणाला कळतही नाही. जर्मन संशोधक पॉल एर्लिश यांच्या प्रयोगशाळेत शतकापूर्वी नेमके हेच घडले होते.

रंगांतून औषधांकडे...

एर्लिश यांचा जन्म १८५४ चा, तेव्हाच्या प्रशियातील आणि आजच्या पोलंडमधील स्ट्रेलन गावचा. विद्यार्थिदशेपासून त्यांना कृत्रिम रंगांचे वेड. सूक्ष्मदर्शकाखाली एखादा रंग ठरावीक पेशींनाच चिकटतो, शेजारच्या कोऱ्या राहतात. मग फक्त जंतूलाच चिकटून त्याला मारणारे रसायनही असले पाहिजे, हा त्यांचा तर्क. १९०८ चे नोबेल त्यांना मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी.

चाळणी कशी होती?

फ्रँकफर्टमध्ये फ्रान्झिस्का श्पायर यांच्या देणगीतून १९०६ मध्ये त्यांच्यासाठी संशोधन संस्था उभी राहिली. हाताशी ‘अ‍ॅटॉक्सिल’ हे आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे औषध होते. निद्रारोगाच्या जंतूंवर ते चाले, पण रुग्णांची दृष्टी जाई. एर्लिश आणि रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी त्याची खरी रचना शोधली. मग रेणूत थोडाथोडा बदल करत संयुगांची रांगच लावली. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाची प्राण्यांवर चाचणी. किती मात्रेत जंतू मरतात आणि किती मात्रेत प्राणी दगावतो, या दोहोंतले अंतर जितके मोठे, तितके संयुग चांगले. औषधाची पारख आजही याच हिशेबाने होते.

‘६०६’ कसे सापडले?

हे संयुग १९०७ मध्येच तयार होते. पहिल्या चाचण्यांत ते निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडले. उपदंशाचा जंतू १९०५ मध्येच सापडला होता, पण त्यावर संयुगे तपासण्याची सोय एर्लिश यांच्याकडे नव्हती. १९०९ मध्ये टोकियोतील किटासाटो यांच्या संस्थेतून साहाचिरो हाता आले. सशांमध्ये उपदंशाची लागण घडवण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. एर्लिश यांनी जुनी, बाद झालेली संयुगेही त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेतली. ६०६ ने ससे बरे झाले. म्हणजे नवे रसायन बनवावे लागलेच नाही. बदलली ती चाचणी. नुसता वेग वाढवून औषधे वाढत नाहीत, हे आजच्या कंपन्यांनाही अनुभवाने कळले आहे.

पुढे काय झाले?

१९१० मध्ये हेक्स्ट कंपनीने ते ‘साल्व्हार्सान’ नावाने बाजारात आणले. पण हवा लागताच भुकटी खराब होई आणि इंजेक्शनसाठी ती विरघळवणे किचकट होते. दुष्परिणाम झाले, काही रुग्ण दगावले, एर्लिश यांच्यावर आरोपांची राळ उडाली. १९१२ मध्ये सहज विरघळणारे ‘९१४’ आले, तरी वाद थांबला नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिश यांचे निधन झाले. उपदंशावर आर्सेनिकची ही औषधे १९४० च्या दशकात पेनिसिलिन येईपर्यंत वापरात राहिली.