संगीतभूषण पं. राम मराठे : नाव मिळालं तरी शिकणं न थांबवणारा गायक



ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. महोत्सवाचं नाव आपण ऐकतो, पण हे राम मराठे कोण, हे मुलांना सांगायचं राहून जातं. वर्गात सांगता येईल अशी त्यांची थोडक्यात ओळख.

राम मराठे यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1924 रोजी पुण्यात झाला. लहानपणीच ते चित्रपटात आले. 1938 साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘गोपाळ कृष्ण’मध्ये ते कृष्ण झाले. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम तेरा-चौदा वर्षं. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’मध्ये त्यांनी चहावाल्या पोऱ्याचं काम केलं.

एवढ्या लहान वयात नाव मिळालं की शिकणं मागे पडू शकतं. राम मराठे यांचं मात्र उलट झालं. वरच्या दोन्ही चित्रपटांना संगीत देणारे मास्टर कृष्णराव त्यांचे गुरू झाले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मिराशीबुवा, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे ते शिकत गेले. मिराशीबुवांची गायकी ग्वाल्हेरची, सडोलीकरांची जयपूरची आणि जगन्नाथबुवांची आग्र्याची. प्रत्येक घराण्याचा आवाज लावण्याचा, तान घेण्याचा ढंग वेगळा. नव्या गुरूसमोर बसायचं म्हणजे नाव झालेलं असूनही पुन्हा विद्यार्थी व्हायचं!

या शिक्षणाचा उपयोग पुढे रंगभूमीला झाला. बोलपट आल्यावर संगीत नाटकांना उतरती कळा लागली होती. 1960 नंतर त्यांना पुन्हा बहर आला, त्यात राम मराठे यांचा मोठा वाटा होता. 1963 साली विद्याधर गोखले यांचं ‘मंदारमाला’ आलं. त्याचं संगीत राम मराठे यांचं आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. प्रसाद सावकार आणि त्यांची या नाटकातली जुगलबंदी रसिक अजून विसरलेले नाहीत. 1967 च्या ‘मेघमल्हार’मध्येही ही जोडी गाजली. खणखणीत आवाज आणि झपाट्याने येणाऱ्या ताना ही त्यांची ओळख. नाटकाबरोबरच ख्यालगायनाच्या मैफलीही ते तितक्याच ताकदीने गात.

पुढे ते ठाणेकर झाले. 4 ऑक्टोबर 1989 रोजी त्यांचं निधन झालं. घरातल्या पुढच्या पिढीनेही गाणं सोडलं नाही.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गाण्याच्या क्लासला जाणारी मुलं भरपूर आहेत. दोन-तीन परीक्षा झाल्या की स्पर्धा, व्हिडिओ आणि बक्षिसांची घाई सुरू होते. मुलाने स्टेजवर गावं, जरूर गावं. टाळ्या मिळाल्या तर आनंदच आहे. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा तंबोऱ्याशी बसवायचं काम आपलं. राम मराठे यांची गोष्ट मुलांना सांगायची ती यासाठीच.