राजाच्या नावाने : काका केळकर आणि कमलाबाई

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुट्टीत धाकट्या बहिणीसमवेत बुंदेलखंडात जाण्याचा योग आला. झाशी आणि ओरछा पाहून झाल्यावर आम्ही बेतवेच्या काठी वसलेल्या एरच या गावी गेलो. झाशी जिल्ह्यातील हे गाव आज लहानसे दिसते. पण अकबराच्या काळी ते एका सरकारचे, म्हणजे आजच्या भाषेत एका जिल्ह्याचे, ठाणे होते. स्थानिक परंपरा ते हिरण्यकशिपूची राजधानी मानते आणि होळीचा उगमही तेथेच झाल्याचे सांगते. इतिहासाभ्यासकांच्या दृष्टीने मात्र एरचचे महत्त्व तेथील जमिनीत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी आणि ब्राह्मी लिपीत राजांची नावे असलेल्या विटा तेथे मिळाल्या आहेत. इतिहासाला ठाऊक नसलेले काही राजे त्या विटांमुळेच उजेडात आले. कोणी तरी वीट उचलली, ती उलटून पाहिली आणि तिच्यावर अक्षरे आहेत हे ओळखले, म्हणून ती वाचली. ज्या उलटून पाहिल्या गेल्या नाहीत, त्या किती घरांच्या पायांत गेल्या असतील, या विचाराने मन अस्वस्थ झाले.

पुढील वर्षी आपल्या नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले, तेव्हा मला एरच पुन्हा आठवले. त्याला कारणही तसेच होते. त्या संग्रहालयात मस्तानी महाल उभा आहे. १७२९ साली महंमदखान बंगशाने वेढलेल्या वृद्ध छत्रसालाच्या साहाय्यास पहिला बाजीराव धावून गेला, आणि त्या मोहिमेनंतर बुंदेलखंडाच्या मातीतील मस्तानी पुण्यास आली. तिच्यासाठी बाजीरावाने कोथरूड येथे महाल बांधला. १७४० साली दोघांचेही निधन झाले. महाल कालांतराने मोडकळीस आला. त्याचे उरलेले अवशेष एका माणसाने मिळवले, जपून आणले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारले. त्या माणसाचे नाव दिनकर गंगाधर केळकर. पुणेकर त्यांना काका केळकर म्हणत.

हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा माझ्या मनात हेच नाव आले. त्यामागे एक खाजगी कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

दिनकररावांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. पुण्यात त्यांनी तो सांभाळला. परंतु दुकानात बसलेल्या या तरुणाचे मन दोन ठिकाणी गुंतलेले असे. त्यांपैकी एक म्हणजे कविता. अज्ञातवासी या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले आणि त्या काळच्या मराठी कवितेत आपले स्थान मिळवले. दुसरी ओढ इतिहासाची. इतिहासावर लिहिणाऱ्या आणि त्याचे पोवाडे गाणाऱ्या कवीला शस्त्रे, वस्त्रे, वाडे यांचे आकर्षण असावे, यात नवल नाही. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला, आणि हळूहळू कवितेची जागा वस्तूंनी घेतली. पुढे पाहिले तर कवी कुठे नाहीसा झाला नव्हता, असेच वाटते. एखाद्या साध्या अडकित्त्यात किंवा पाय घासण्याच्या वज्रीत सौंदर्य दिसण्यासाठी कवीचीच नजर लागते.

तो काळ अशा संग्रहाला एका अर्थाने अनुकूल आणि दुसऱ्या अर्थाने अत्यंत प्रतिकूल होता. पेशवाई संपून शतक लोटले होते. सरदार-इनामदारांची घराणी खालावली होती. वाडे पडत होते, त्यांचे नक्षीदार खांब आणि दरवाजे सरपणाच्या भावाने विकले जात होते. घरोघरी रॉकेलचे कंदील आले होते, त्यांच्यामागून विजेचे दिवे आले आणि समया, लामणदिवे, पंचारत्या माळ्यावर गेल्या. पितळेच्या जागी प्रथम जर्मन सिल्व्हर, मग अॅल्युमिनियम आणि नंतर स्टेनलेस स्टील आले. जुन्या पितळी भांड्याची किंमत त्याच्या वजनावर ठरू लागली. मोडीत गेलेल्या भांड्याचा अखेरचा मुक्काम भट्टीत असे. त्यावर कोणा अनामिक कारागिराने घडवलेला मोर, हत्ती किंवा यक्षिणी क्षणात वितळून जाई.

दिनकररावांनी मध्ये उभे राहायचे ठरवले ते याच ठिकाणी, माळा आणि भट्टी यांच्या दरम्यान. राजेरजवाड्यांच्या रत्नजडित वस्तू जमवणारे संग्राहक तेव्हाही होते. यांचे लक्ष मात्र नित्याच्या वापरातील वस्तूंकडे गेले. कुंकवाचे करंडे, फण्या, शेवयांचे सोरे, दौती, कुलपे, सोंगट्यांचे पट, हुक्के, वाद्ये, बाहुल्या, कोरीव दरवाजे, पैठणी शैलीतील चित्रे असा त्यांचा व्याप वाढत गेला. सामान्य माणसाने आपले रोजचे जगणे किती देखणे केले होते, हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्राची सीमा ओलांडली. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशा अनेक प्रांतांत, खेडोपाडी, ते वर्षानुवर्षे हिंडले.

या भ्रमंतीत आणि त्याहून अधिक घरातील कष्टांत त्यांना साथ मिळाली ती पत्नी कमलाबाईंची. अशा चरित्रांत पत्नीचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. येथे तसे करणे अन्यायाचे होईल. संग्राहकाच्या घरात पैसा टिकत नाही आणि जागाही उरत नाही. चष्म्यांच्या दुकानाचे उत्पन्न ते केवढे! त्यातून आधी वस्तू आणि मग संसार, असा क्रम एखाद्या गृहिणीने मनापासून स्वीकारणे सोपे नसते. वस्तूंच्या खरेदीसाठी कमलाबाईंनी आपले दागिनेही मोडले, असे पुण्यात आजही सांगितले जाते. घराच्या खोल्या एकामागून एक वस्तूंनी भरत गेल्या आणि माणसांनी उरलेल्या जागेत राहायचे, अशी स्थिती झाली. त्या वस्तूंना त्यांनी परके मानले नाही.

जुनी वस्तू घरी आणली म्हणजे काम संपते असे नाही. आपल्यापैकी ज्यांनी आजीची समई माळ्यावरून काढून घासली असेल त्यांना हे ठाऊक आहे. काळी पडलेली वस्तू लख्ख करण्याचा मोह आवरावा लागतो. चिंच आणि राख यांनी पितळ उजळते हे खरे. पण जोराने घासले तर धूळ आणि काजळीसोबत बारीक नक्षीही झिजते, आणि धातूवर काळाने चढवलेली जी रंगछटा असते ती कायमची जाते. लाकडाला पाण्याने धुतले तर ते फुगते, मग तडकते. हस्तिदंताला कडक ऊन चालत नाही. कापडाची घडी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली तर ते घडीवर विरते. तुटलेला भाग जोडताना जुने कोणते आणि नवे कोणते हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे, नाही तर दुरुस्ती ही फसवणूक ठरते. हे सारे सोसून हजारो वस्तू जपायच्या म्हणजे एका माणसाचे काम नव्हे. ते घराचेच काम होते.

या दांपत्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आघात म्हणजे त्यांचा मुलगा राजा याचा मृत्यू. तो बालवयातच गेला. पुत्रशोकाने माणसे खचतात, कडवट होतात, संसारातून मन काढून घेतात. केळकर पतिपत्नींनी आपल्या संग्रहाला मुलाचे नाव दिले. म्हणून त्या वास्तूच्या नावात आधी राजा येतो आणि मग दिनकर. बाहेरगावचे पुष्कळ लोक ती एखाद्या संस्थानिकाची पदवी समजतात. आमच्या विद्यार्थ्यांचाही तसाच समज होता. राजा म्हणजे एक लहान मुलगा, हे कळल्यावर वर्गातील सर्वांत दंगेखोर मुलेही काही वेळ गप्प झाली. ज्या वयात मूल खेळणी मागते त्या वयात गेलेल्या मुलाच्या नावे खेळणी, दिवे, वाद्ये आणि बाहुल्या यांनी भरलेले घर उभे राहिले, यातील अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

१९६० च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती. १९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत ते आहे. भारतातील दिव्यांवर काकांनी इंग्रजीतून पुस्तक लिहिले. त्यांच्या संग्रहातील दिव्यांचे दालन पाहिले म्हणजे त्या अभ्यासामागची तपश्चर्या ध्यानात येते. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.लिट. पदवी दिली. औपचारिक संशोधनाच्या वाटेने न गेलेल्या एका चष्मेविक्रेत्याचा विद्यापीठाने केलेला हा गौरव आम्हा शिक्षकांना विशेष मोलाचा वाटतो.

परंतु काकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना कोणती, असे मला विचारले तर मी १९७५ सालाचे नाव घेईन. त्या वर्षी त्यांनी आपला संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विचार करावा. अर्धशतकाहून अधिक काळ, पोटाला चिमटा घेऊन, एकेक करून जमवलेल्या वस्तू. त्यांतील काही थोड्या विकल्या असत्या तरी उरलेले आयुष्य सुखात गेले असते, आणि परदेशी गिऱ्हाइकांची तेव्हाही वाण नव्हती. त्यांनी त्या समाजाला देऊन टाकल्या. ज्या वस्तू लोकांच्या घरांतून आल्या होत्या त्या लोकांनाच परत मिळाल्या, असा त्याचा अर्थ. मालकी सोडल्यानंतरही त्यांनी काळजी सोडली नाही. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, काकांचे निधन झाले. आज संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू असून जागेअभावी त्यांतील सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडता येतात.

आता ते खाजगी कारण.

मुख्याध्यापिका म्हणून सूत्रे हाती घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी शाळेचे भांडारगृह रिकामे करवून घेतले. नव्या संगणक कक्षासाठी जागा हवी होती. तेथे पहिल्या काळातील सागवानी बाके रचून ठेवलेली होती. दौत ठेवण्यासाठी गोल खाच असलेली, तिरक्या फळीची. काहींचे पाय मोडले होते. मी निर्लेखनाच्या कागदावर सही केली आणि ती बाके भंगारात गेली. किती रुपये आले ते नोंदवहीत आहे. इतके थोडे की सांगायला संकोच वाटतो. पुढे दोन वर्षांनी पहिल्या तुकडीतील एक माजी विद्यार्थी नातवाला घेऊन शाळेत आले. ज्या बाकावर त्यांनी आणि त्यांच्या दिवंगत मित्राने करकटकाने नावे कोरली होती, ते बाक नातवाला दाखवायचे होते. तेव्हा कोरल्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या, असेही त्यांनी हसत सांगितले. बाक गेले, हे मला त्यांना सांगावे लागले. त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. नातवाचा हात धरून ते पटांगणाकडे गेले. केळकर संग्रहालयातील दौतींच्या कपाटापुढे उभी असताना मला ते पाठमोरे आजोबा दिसत होते.

गेलेले परत येत नाही. जे उरले आहे ते राखण्याचे आम्ही ठरवले आहे. शाळेची पहिली पितळी घंटा सुदैवाने शिपाईमामांनी जपून ठेवली होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावरील रंगाचे थर उतरवण्याचे काम मी माझ्या वडिलांसोबत केले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. हात थरथरतात, पण मऊ फडका किती दाबावा हे त्यांना माझ्याहून चांगले कळते. तीन दिवसांनी घंटेच्या कडेवर शाळेचे स्थापनावर्ष उमटले. ते तिथे आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

महोत्सवाच्या निमित्ताने ग्रंथालयाशेजारच्या खोलीत शाळेचा छोटासा वस्तुसंग्रह सुरू होत आहे. माजी विद्यार्थ्यांकडे जुनी प्रगतिपुस्तके, बोरू, पाट्या, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, बक्षिसाचे पेले असतील. पालकांच्या घरी माळ्यावर पणजीची समई किंवा फिरकीचा तांब्या असेल. शाळेला जे द्यावेसे वाटेल ते जरूर द्यावे. जे घरी ठेवावेसे वाटेल ते मुलांना सोबत घेऊन स्वच्छ करावे, ते कोणाचे होते ते त्यांना सांगावे आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. नाव हरवलेली वस्तू अर्धी हरवलेलीच असते. मात्र शेतात वा पाया खणताना नाणी, मूर्ती किंवा कोरीव विटा मिळाल्या तर त्या घरी न नेता शासनाला कळवणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे, हेही मुलांना सांगावे.

काका आणि कमलाबाई यांच्याजवळ ना सत्ता होती, ना संपत्ती. एक दुकान होते, एक घर होते आणि एका मुलाची आठवण होती. त्यातून जे उभे राहिले ते पाहायला आपल्या शाळेची सहल यापुढे दरवर्षी जाईल, असा निर्णय शिक्षक सभेने घेतला आहे. यंदा आठवीचे विद्यार्थी जातील. जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील एका जुन्या वस्तूची माहिती आजी-आजोबांना विचारून लिहून आणायची आहे. पालकांनी त्यांना त्यासाठी थोडा वेळ द्यावा, एवढीच विनंती.