लबानोनचा खलील जिब्रान

पवित्र शास्त्रात लबानोनचे नाव वारंवार येते. शलमोन राजाने मंदिरासाठी गंधसरूची लाकडे तेथूनच आणविली, आणि सोराचा राजा हीराम याने ती समुद्रमार्गे पाठविली. दुष्काळात एलीया ज्या विधवेच्या घरी राहिला ते सारफथ गाव, आणि सुरफुनीकी बाईने आपल्या मुलीसाठी प्रभू येशूचे पाय धरले तो सोराकडील प्रांत, ही ठिकाणे आजच्या लेबनॉन देशातच आहेत.

गंधसरू म्हणजे कसले झाड, असे शब्बाथ शाळेतील मुले विचारतात. आदिलाबादकडील मुलांना सागाच्या झाडावरून ते समजावता येईल. साग उन्हाळ्यात पाने गाळून उघडा होतो. गंधसरू बारमाही हिरवा असतो, उंच डोंगरावर बर्फात उभा राहतो, आणि त्याच्या लाकडाला सुवास असतो. दोघांचेही लाकूड टिकाऊ, म्हणून दोघांवरही माणसाची कुऱ्हाड फार चालली. लबानोनचे विस्तीर्ण गंधसरूवन आटत आटत थोड्या राया उरल्या. त्यांतील एका प्रसिद्ध राईजवळ बशारी नावाचे गाव आहे. खाली कादिशाची खोल दरी आहे. कादिशा म्हणजे पवित्र. तिच्या कड्यांत कोरलेल्या मठांतून मारोनी पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी शतकानुशतके प्रार्थना केली. ही दरी व गंधसरूंची राई १९९८ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाली.

या बशारीत ६ जानेवारी १८८३ रोजी खलील जिब्रान यांचा जन्म झाला. देशावर तेव्हा तुर्कांचे राज्य होते. आई कामिला ही एका मारोनी धर्मगुरूची कन्या. वडील सरकारी करवसुलीच्या कामावर होते. पैशाच्या अफरातफरीचा ठपका येऊन ते तुरुंगात गेले व घर उघड्यावर पडले. तेव्हा त्या धैर्यशील मातेने चार मुले बरोबर घेतली आणि १८९५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहर गाठले. पाठीवर गाठोडे घेऊन ती दारोदार लेस व कापड विकू लागली. थोरला मुलगा बुत्रुस याने दुकान घातले. बारा वर्षांच्या खलीलला तेवढी शाळा मिळाली, आणि तेथे त्याच्या चित्रकलेकडे थोरामोठ्यांचे लक्ष गेले.

१८९८ साली त्याला शिक्षणासाठी बैरुतला पाठविण्यात आले. १९०२ साली तो परतला तो दुःखाच्या घरी. धाकटी बहीण सुलताना त्याच वर्षी क्षयाने गेली. पुढील वर्षी मार्चमध्ये बुत्रुस व जूनमध्ये आई, असे सव्वा वर्षाच्या आत घरातील तिघे गेले. उरलेली बहीण मरियाना हिने शिवणकाम करून भावाला पोसले. पुढे मेरी हॅस्केल या मुख्याध्यापिकेने त्यांना स्वखर्चाने पॅरिसला चित्रकला शिकण्यास पाठविले, आणि त्यांचे इंग्रजी लिखाणही ती तपासून देत असे. जिब्रान यांचे नाव आज जगभर आहे. त्यामागे या तीन स्त्रियांचे कष्ट आहेत.

आरंभी ते अरबीत लिहीत. गावात त्यांनी जमीनदार व धर्माधिकारी यांना सुखात आणि कुळांना उपाशी पाहिले होते. त्या अन्यायावर त्यांनी कथांतून कठोर टीका केली. पहिल्या महायुद्धात लबानोनवर टोळधाड, नाकेबंदी व दुष्काळ आला, आणि लोक हजारोंनी उपासमारीने मेले. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जिब्रान यांनी मदत समितीचे चिटणीस होऊन आपल्या लोकांसाठी निधी गोळा केला.

१९२३ साली त्यांचे ‘द प्रॉफेट’ प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक भाषांत ते गेले आहे. आपल्या मराठीत वि. स. खांडेकरांनी जिब्रान यांच्या रूपककथा आणल्या, म्हणून लबानोनचा हा लेखक महाराष्ट्रात घरोघरी वाचला गेला.

१९२८ साली त्यांनी प्रभू येशूवर एक पुस्तक लिहिले. त्यात येशूला पाहिलेली अनेक माणसे, मित्र तसेच शत्रू, आपापल्या परीने त्याच्याविषयी बोलतात. त्यात येशूविषयीची ओढ पानोपानी जाणवते. परंतु तो येशू थोर मानव आहे. आपल्या पापांसाठी वधस्तंभावर प्राण देणारा तारणारा तेथे शोधून सापडत नाही. शिक्षकांनी ते पुस्तक जरूर वाचावे, आणि शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचावे.

शेवटची वर्षे कष्टी गेली. मद्याची सवय जडली, यकृत बिघडले, आणि १० एप्रिल १९३१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह बशारीस नेण्यात आला. मार सर्कीस या जुन्या मठात त्यांची कबर असून तेथेच त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. पुस्तकांचे उत्पन्न त्यांनी गावाच्या भल्यासाठी ठेवले होते, पण त्याच पैशावरून गावात पुढे तंटे झाले. देणगी देणे सोपे, ती एकोप्याने सांभाळणे कठीण, हे आपल्या मंडळ्यांनाही ठाऊक आहे.

खलील लहानपणी मठांच्या सावलीत वाढले, येशूवर त्यांनी अखेरपर्यंत प्रेम केले, तरी मंडळीपासून ते दूरच राहिले. दोष केवळ त्यांचाच म्हणावा काय? ज्या मंडळीत गरिबाला न्याय दिसत नाही, तेथून बुद्धिमान तरुण निघून जातात, आणि मग येशूला एकट्यानेच शोधू लागतात. आपल्याही वर्गात असे एखादे मूल बसलेले असेल.

बशारीजवळच्या राईतील रोपे शेळ्या खात. म्हणून १८७६ साली राईभोवती दगडी भिंत बांधण्यात आली. तिचा खर्च इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने दिला. नीतिमान मनुष्य लबानोनच्या गंधसरूसारखा वाढेल असे स्तोत्रकर्ता म्हणतो. त्या वाढीसाठी कोवळ्या रोपाला राखणारा कोणीतरी हवा. प्रभू आपल्या शिक्षकांना तशी राखण करण्याची बुद्धी देवो.