सुभेदार रामजी : घरी भरणारा वर्ग

वसतिगृहातील मुलांच्या अभ्यासाची वार्ता पालकांस कळविताना आम्हांस सुभेदार रामजी सकपाळ यांचे स्मरण होते. आपल्या रायगडाच्या सीमेवरून वाहणाऱ्या सावित्रीपलीकडे, मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर वर्ग उरला तो घरचाच. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी भीमरावांकडून घरी पक्की करून घेतली. शाळेत काय चालले आहे, हे त्यांस कोणी सांगावे लागत नसे. परळच्या चाळीतील एका खोलीत ते रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलास अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले की विवाहित लेकींकडून उसने आणीत, निवृत्तिवेतन हाती येताच फेडीत. (लेकींचा हा वाटा क्वचितच सांगितला जातो.) संस्कृताची वाट मात्र शाळेनेच अडविली; भीमरावांना फारसी घ्यावी लागली. वडिलांची एवढी देखरेखही तेथे अपुरी पडली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.